कोपऱ्यातून जाणारी रेघ

मी फळ्यावर विसावं उदाहरण लिहून संपवेपर्यंत त्याची सतरा सोडवून झालेली असायची. उरलेली तीन झाली की वही मिटायची आणि शार्पनर बाहेर यायचं. आधीच टोकदार असलेल्या पेन्सिलीला तो पुन्हा टोक करत बसायचा. तास संपेपर्यंत खिडकीजवळच्या त्या बाकावर सालींचा ढीग. नवी पेन्सिल पंधरा दिवसांत बोटभर उरायची.

खरं सांगायचं तर पहिल्या महिन्यात मला त्याचा रागच यायचा. सातवीचा वर्ग, त्रेचाळीस मुलं, त्यातल्या दहा जणांना अजून अपूर्णांकांची बेरीज धड जमत नाही, आणि हा पठ्ठ्या साली काढत बसलाय. मग मी बहुतेक शिक्षक करतात तेच केलं. वीस झाली? पुढची दहा कर. तीही झाली? मागच्या संकीर्ण प्रश्नसंचातली घे. तो मुकाट्याने करायचा. महिनाभराने त्याचा वेग कमी झाला तेव्हा मला वाटलं, चला, आता लक्ष देऊन करतोय. मग एक दिवस तो शेजारच्याला सांगत होता ते कानावर पडलं, "लवकर करू नकोस रे. लवकर झालं की आणखी देतात."

दुसरा उपाय त्याला छोटा मास्तर करण्याचा. ज्यांना येत नाही त्यांना तू समजावून सांग. हे ऐकायला फार छान वाटतं. पहिल्याच आठवड्यात त्याने एका मुलीला रडवलं. "इतकं सोपंपण येत नाही?" असं तो म्हणाला होता. त्यात कुचेष्टा नव्हती, त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. ज्याला एखादी गोष्ट कधी शिकावीच लागली नाही, तो ती दुसऱ्याला कशी शिकवणार? आणि माझं काम मी एका बारा वर्षांच्या पोराच्या गळ्यात मारलं होतं, हेही आहेच.

पालकसभेला त्याची आई आली. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही, असं म्हणाली. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. आणि रात्री? रात्री अकरापर्यंत कॅलेंडर घेऊन बसतो, कुठल्या वर्षी कुठल्या तारखेला कोणता वार येईल त्याचं गणित मांडत. ते ऐकून मी गप्पच झाले. तोपर्यंत स्टाफरूममध्ये मीच सांगत होते, की मुलगा हुशार आहे पण त्याला शिकायची इच्छाच नाही. इच्छा भरपूर होती. माझ्या तासाला मात्र ती फिरकत नव्हती.

त्यानंतर मी वाचायला लागले. प्रज्ञावंत हा शब्द मला अजूनही जड वाटतो, पण शोधायला तोच लागतो. जोसेफ रेन्झुली या अमेरिकन अभ्यासकाने 1978 मध्ये मांडलेली तीन वर्तुळांची कल्पना मला पहिल्यांदा पटली. सरासरीपेक्षा वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती, ही तीन वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तिथे प्रज्ञावंताचं काम दिसतं. म्हणजे डोकं एकटं पुरत नाही. माझ्या पोराकडे पहिलं वर्तुळ ठसठशीत होतं. दुसऱ्याचा मला पत्ता नव्हता. तिसरं घरी कॅलेंडरपाशी होतं आणि शाळेत मी ते खोडून टाकत होते.

रेन्झुलींच्याच कामातून आलेली एक साधी पद्धत मी उचलली. मुलाला जे आधीच येतं ते त्याच्यासाठी आवळायचं आणि वाचलेला वेळ दुसऱ्या कामाला मोकळा करायचा. वर्गात मी ते असं केलं. नवा घटक सुरू करताना त्यातली सगळ्यात अवघड पाच उदाहरणं आधी द्यायची. ज्याची चार बरोबर आली, त्याला त्या घटकाच्या सरावातून सूट. सूट घेणाऱ्याने माझ्याबरोबर पानभर लेखी करार करायचा. कशातून सूट आहे, त्या वेळात काय करणार, नवीन काही शिकवत असेन तेव्हा फळ्याकडे बघायचं, आणि दुसऱ्याच्या कामात लुडबुड करायची नाही. खाली दोघांच्या सह्या. त्याने सही करताना तीनदा वाचून पाहिलं, जणू मी त्याचं घर लिहून घेत होते.

स्टाफरूममध्ये अपेक्षित होतं तेच झालं. "बाकीच्या बेचाळीस जणांचं काय?" हा प्रश्न चुकीचा नव्हता. "मग सगळेच म्हणतील आम्हाला सूट द्या" हाही नव्हता. मुख्याध्यापिकांनी मात्र फार ताणलं नाही. वार्षिक परीक्षा सगळ्यांबरोबर द्यायची, एवढ्याच अटीवर हो म्हणाल्या. पाच उदाहरणांची ती पहिली संधी मी वर्गातल्या प्रत्येकाला दिली. तीन जण पार झाले. या आकड्यावर मी बरीच खूश होते. ती खुशी किती अडाणी होती ते पुढे येईलच.

वेळ मोकळा झाला. आता त्यात घालायचं काय? मी आठवीचं पुस्तक दिलं. म्हणजे तोच जिना, फक्त दोन पायऱ्या वर. दीड महिन्यात त्याने अर्धं पुस्तक संपवलं आणि पुन्हा शार्पनर बाहेर आलं. मग कोडी दिली. त्याने पहिलं कोडं वाचलं, पान उलटलं आणि विचारलं, "उत्तरं मागे आहेत का?" आहेत म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. तेव्हा मला ते कळलं नाही. ज्याचं उत्तर कुणीतरी आधीच छापून ठेवलंय, त्यात त्याच्यासाठी काय उरलं होतं?

मधल्या काळात एक मोकळा तास मिळाला म्हणून अख्ख्या वर्गाला विटेचा प्रश्न दिला. विटेचे जितके सुचतील तितके उपयोग लिहा, वेळ दहा मिनिटं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी 1950 मध्ये सर्जनशीलतेकडे झालेल्या दुर्लक्षाबद्दल एक गाजलेलं भाषण केलं, आणि नेहमीच्या वस्तूचे अनेक उपयोग सुचवायला लावणारी ही चाचणी त्यांच्याच कामातून आली. त्यात किती उपयोग सुचले, किती निरनिराळ्या दिशांनी सुचले आणि त्यातले किती इतरांना सुचलेच नाहीत, हे बघायचं असतं. वर्गात पहिला येणारा आमचा एक मुलगा चार उपयोग लिहून थांबला आणि उठून विचारता झाला, "बाई, किती हवेत? बरोबर किती असतात?" खिडकीजवळच्याने नऊ लिहिले, त्यातले सात बांधकामाचे. गठ्ठा मी कपाटात टाकला. पेपर तपासायचे होते, सहामाही तोंडावर होती.

मग तिरकी रेघ आली. हे उदाहरण नवं नाही, गणित शिकवणाऱ्यांत फिरत असतं. चौकटीच्या कागदावर तीन बाय चारचा आयत आखायचा आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायची. ती किती चौकटींतून जाते? सहा. दोन बाय पाच घेतला, सहा. तीन बाय पाच, सात. चार मिनिटांत तो माझ्या टेबलाशी. लांबी अधिक रुंदी वजा एक.

"कुठल्याही आयताला?"

"कुठल्याही."

"चार बाय सहा काढून बघ."

तो जागेवर गेला. नियमाप्रमाणे नऊ यायला हवेत. मोजले तर आठ. त्याने पेन्सिलीला टोक केलं, या वेळी गरज होती म्हणून, आणि पुन्हा आखलं. आठ. तिसऱ्यांदा पट्टी दाबून धरली. आठच. "कागदाच्या चौकटी नीट छापलेल्या नाहीत," असं तो म्हणाला तेव्हा आवाज कापत होता. शाळेत आल्यापासून कदाचित पहिल्यांदाच त्याचं गणित चुकत होतं आणि त्या अनुभवाचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मी जवळ गेले आणि घाईघाईत म्हणाले, "अरे, तू एवढा हुशार. तुला नाही येणार तर कोणाला येणार?"

त्याने कागद उभा फाडला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मला ते नको, बाई. आठवीचंच द्या."

मी त्याला धीर देत होते, अशी माझी समजूत. पण त्याच्या जागी बसून ते वाक्य ऐकलं तर? हुशार आहेस म्हणून येईल. म्हणजे आलं नाही, तर? क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचे 1998 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग मी नंतर वाचले. दहा-बारा वर्षांच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना म्हटलं, तुम्ही हुशार आहात. काहींना म्हटलं, तुम्ही मेहनत घेतलीत. हुशार म्हटलेल्या मुलांनी पुढे आपली हुशारी शाबूत राहील अशी कामं पसंत केली, अवघड कोड्यांत अपयश आल्यावर त्यांची कामगिरी घसरली, आणि अनोळखी मुलांना आपले गुण कळवताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले. वाढवून सांगितले! मला आठवीचं पुस्तक परत मागणारा तो चेहरा आठवला. त्या पुस्तकात तो सुरक्षित होता.

पण त्या तासाची खरी गोष्ट वेगळीच आहे. फाटलेल्या कागदाचा अर्धा भाग जमिनीवर पडला होता. तास संपल्यावर शेवटून दुसऱ्या बाकावरची एक मुलगी तो घेऊन आली. गणितात काठावर पास होणारी, अक्षर असं की उत्तर बरोबर असलं तरी मला ते सापडू नये. पाच उदाहरणांपैकी तिचं एकच बरोबर आलं होतं.

"बाई, हे बघा. इथे रेघ कोपऱ्यातून जाते."

"म्हणजे?"

तिने बोट रेघेवर ठेवलं आणि सरकवत नेलं. "रेघ एका चौकटीतून दुसरीत जाते तेव्हा एक भिंत ओलांडते. प्रत्येक भिंतीला एक नवी चौकट. पण इथे," आणि तिचं बोट बरोबर मध्यावर थांबलं, "इथे दोन भिंती एकदम ओलांडते. म्हणून एक चौकट कमी भरते."

मी खुर्चीत बसले. मी या उदाहरणाचं सूत्र पाठ करून आले होते. ते तसं का, हे इतक्या उघडपणे मलाही कुणी दाखवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी कपाटातला विटेचा गठ्ठा काढला. तिच्या कागदावर सतरा उपयोग होते, वाचायला मला अर्धा तास लागला. वीट पाण्यात बुडवून तिने किती पाणी प्यायलं ते वजन करून मोजायचं. भुगा करून रंग. थंडीत शेकोटीजवळ गरम करून पायांशी ठेवायची. एकीवर एक रचून आपली उंची दर महिन्याला मोजायची, "म्हणजे मी किती विटा आहे ते कळेल." तीन आठवडे तो कागद माझ्याच कपाटात पडून होता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी 1921 मध्ये कॅलिफोर्नियात बुद्ध्यंकाच्या चाळणीने दीडेक हजार मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. त्या चाळणीतून विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं गळली. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, 1956 आणि 1968 मध्ये. हे मी आधी वाचलेलं होतं, हसलेही होते. माझी पाच उदाहरणांची चाळणी त्याच जातीची होती. तिने येणारं काय ते सांगितलं, सुचणारं सांगितलं नाही. सूट कोणाला हे ठरवायला ती बरी, पण अवघड आणि मोकळे प्रश्न कोणापुढे ठेवायचे हे ठरवायला निरुपयोगी. तेव्हापासून तिरक्या रेघेसारखे प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात सगळ्यांसाठी लिहू लागले. ज्याला हवा त्याने घ्यावा.

तिला मी त्याच्या शेजारी बसवलं. पहिले दोन दिवस तो तिच्याशी बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी तिने सहा बाय नऊचा आयत आखून त्याच्यापुढे सरकवला आणि कोपऱ्यावरच्या दोन ठिपक्यांना गोल केला. तो बघत बसला. नंतर आठ बाय बारा, पाच बाय दहा, असे धडाधड आयत आखले. तास इतिहासाचा होता, बाईंनी वही काढून घेतली, ती मी मधल्या सुटीत सोडवून आणली. वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: लांबी अधिक रुंदी वजा मसावि. खाली दोन प्रश्नचिन्हं. "मसावि इथे कुठून आला?" त्याने मला विचारलं. ज्या घटकातून मी त्याला सन्मानाने सूट दिली होती, तोच मागच्या दाराने आत आला होता. पुढे आठवडाभर तो त्या 'का'पाशी अडून होता आणि शार्पनर दप्तरात होतं.

एवढं यश मिळाल्यावर माणूस हुरळतो. मी प्रश्नफलक सुरू केला. वर्गाच्या मागच्या भिंतीवर कुणीही प्रश्न लावावा, आठवड्यातल्या उत्तम प्रश्नाला सोनेरी चांदणी. पहिल्या आठवड्यात चौदा प्रश्न आले, एकेक असा की वाचत राहावं. शून्याला शून्याने भागलं तर? आरसा कोणत्या रंगाचा असतो? तिसऱ्या आठवड्यापर्यंत प्रश्न नेटवरून उतरवलेले येऊ लागले. कृष्णविवराच्या आत काय, काळ म्हणजे काय, असे भारदस्त. कोणाची चांदणी किती दिवस राहणार यावरून भांडण झालं. खिडकीजवळचा त्यात पुढे होता.

लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा 1973 चा प्रयोग कुणीतरी मला आधी वाचायला द्यायला हवा होता. ज्या छोट्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं, त्यांच्यातल्या काहींना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिलं. काही दिवसांनी पेनं नुसतीच समोर ठेवल्यावर ती मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, किंवा न सांगता अचानक मिळालं होतं, त्यांची आवड टिकून होती. त्या प्रशस्तिपत्रावरही सोनेरी चांदणी होती म्हणे. चांगली दुकली जमली माझी!

मी चांदण्या बंद केल्या. तीन आठवडे फलक कोरा राहिला. तो कोरा फलक बघणं हे त्या वर्षातलं मला सगळ्यात जड गेलेलं काम. रोज वाटायचं, आपणच एखादा प्रश्न लावावा. मग एका सोमवारी वहीच्या फाटक्या तुकड्यावर, नाव न घालता, कुणीतरी लिहिलं: दोन जणांच्या सावल्या एकमेकींवर पडल्या की जास्त काळ्या का होत नाहीत? मी उत्तर दिलं नाही आणि शाबासकीही दिली नाही. दोन दिवसांनी मुलं मैदानात एकमेकांवर सावल्या पाडत होती.

सगळंच जमलं नाही. विटेच्या तासाला "किती हवेत?" विचारणारा तो पहिला नंबर सूट मिळालेल्या तिघांपैकीच होता. उत्तर काय अपेक्षित आहे हे कळल्याशिवाय तो पेन्सिल उचलत नसे. मी चुकीची उत्तरं साजरी करून पाहिली, मुद्दाम फळ्यावर स्वतः चुकून पाहिलं (हे त्याने लगेच ओळखलं), गुण न देता नुसते शेरे लिहून पाहिले. "याचे गुण किती धरायचे, बाई?" तिसऱ्या आठवड्यात तो करार परत देऊन नेहमीच्या सरावाला बसला आणि मला तो सुटल्यासारखा दिसला. घरून फोनही आला, की त्याला नसत्या नादाला लावू नका. त्याच्यासाठी काय करायला हवं होतं ते मला आजही सुचलेलं नाही.

आणि खिडकीजवळचा अजूनही पायऱ्या लिहीत नाही. वार्षिक परीक्षेत त्यासाठी त्याचे सहा गुण मीच कापले.

वर्ष संपायला दहा दिवस असताना ती दोघं टेबलाशी आली. प्रश्न तिचा होता. कागदाऐवजी ठोकळ्यांचा मोठा खोका असला आणि त्यातून आरपार सळई गेली, तर ती किती ठोकळ्यांतून जाईल? मी म्हणाले, "मला माहीत नाही." शिक्षकी भाषेतलं 'तुम्हीच शोधा' नव्हे, खरोखरच माहीत नव्हतं. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग विचारलं, "पुस्तकातपण नाही?" असेल कुठेतरी, म्हटलं, पण माझ्याकडे नाही.

चार दिवसांनी तो सूत्र घेऊन आला. तिन्ही बाजूंची बेरीज, त्यातून दोन-दोन बाजूंचे तीन मसावि वजा. कागद स्वच्छ, अक्षर नेटकं, खाली दुहेरी रेघ. मलाही ते बरोबरच वाटलं. तिने कागद स्वतःकडे ओढला आणि थोडा वेळ काहीच बोलली नाही.

"एकच ठोकळा घे," ती म्हणाली.

"एक बाय एक बाय एक?"

"हं. एक अधिक एक अधिक एक, तीन. त्यातून तीन गेले."

तो थांबला. ओठ हलले. "शून्य."

"म्हणजे सळई ठोकळ्यातून गेली, आणि एकाही ठोकळ्यातून गेली नाही."

मी नकळत कागदाकडे हात नेला, फाटायच्या आत वाचवावा म्हणून. पण तो हसायला लागला होता, पोट धरून, आणि ती पण. हसता हसता त्याने सूत्रावर आडवी काट मारली आणि कागद उलटा केला. "कोपरा," तो म्हणाला. "तिन्ही भिंती एकदम ओलांडते ना, तो आपण एकदा जास्त वजा केला की काय बघ."